खड्यावरचं धुकं

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात जे घडलं त्यात दोष पारख्याचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण नंतर गावातल्या जाणत्यांनी दोष डोंगराला दिला, ओल्या मातीला दिला, पोरीच्या ग्रहांनाही दिला. स्वतःकडे बोट दाखवायला मात्र एकाचाही हात उठला नाही.

पारखी म्हणजे खडे पारखणारा. त्या गावात साखरपुड्याला मुलीच्या बोटात हिऱ्याची अंगठी घालायची रीत होती, आणि हिरा खरा की खोटा हे चारचौघांत सांगायचं काम पारख्याचं. तो खडा ओठांजवळ धरायचा आणि त्यावर तोंडाची वाफ सोडायचा. हिऱ्यावर धुकं धरतं न धरतं तोच उडून जातं. काच असेल, गारगोटी असेल, तर ते रेंगाळतं. धुकं उडालं की पारखी म्हणे, "खरा." लगेच वाजंत्री सुरू होत. धुकं रेंगाळलं की पाहुणे पानसुद्धा न खाता उठून जात. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि चाळीस वर्षांत पारख्याचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

हिरे डोंगरातल्या खाणीतून येत. विकत घ्यायचा तर घरदार विकावं लागे, म्हणून गरिबाघरची पोरं स्वतः खाणीत उतरत. सात दिवस खोदायचं. सहा दिवसांत सापडेल ते राजाचं, सातव्या दिवशी सापडेल ते आपलं. पारखीही तरुणपणी असाच उतरला होता. बायकोसाठी त्याने हरभऱ्याएवढा हिरा आणला आणि डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आला. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती. त्या दोन बोटांची आठवण मात्र तो रोज काढायचा.

गावात अशी माणसं पुष्कळ. कुणाचा डोळा गेलेला, कुणाचा पाय. पारख्याची थोरली बहीण तर बिनलग्नाचीच राहिली होती, कारण तिच्यासाठी हिरा आणायला गेलेला माणूस सातव्या दिवशी वर आलाच नाही. आणि गंमत बघा, खाणीने ज्यांना वर येऊ दिलं, तेच पुरुष या रीतीचे सगळ्यांत कडक राखणदार होते. आपलं दुःख फुकट गेलं असं मान्य करण्यापेक्षा ते पुढच्या पोरांच्या अंगावर टाकणं त्यांना सोपं वाटत होतं.

पारख्याच्या मुलीचं मन गावाबाहेरच्या एका भट्टीवाल्यावर बसलं होतं. तो बांगड्या करायचा. मागेपुढे कुणी नाही, हात भाजलेले, बोलणं सरळ. त्याच्या डोक्यात एकच वेड होतं. डोंगर कोळशाला दाबतो, भाजतो आणि त्याचा हिरा करतो, मग भट्टीला ते का जमू नये? तीन वर्षं त्याने कोळशाची भुकटी लोखंडी गोळ्यात कोंडली, दाबली, भाजली. गोळे फुटले, भट्टी दोनदा ढासळली. गोळ्यातून निघालेला प्रत्येक कण पारख्याची मुलगी ओठांजवळ धरायची, वाफ सोडायची आणि मान हलवायची. बापाची कला तिने न शिकवता उचलली होती.

चौथ्या वर्षी एका कणावर धुकं धरलं आणि उडालं. तिने पुन्हा वाफ सोडली. पुन्हा उडालं.

"आता काय म्हणशील?" भट्टीवाल्याने विचारलं.

"आता मी काही म्हणणार नाही. आता आबा म्हणतील," ती म्हणाली आणि हसत सुटली.

साखरपुडा ठरला. पारख्याच्या अंगणात गाव जमलं. पाच जाणते ओळीने बसले. भट्टीवाल्याने तांब्याच्या अंगठीत बसवलेला तो खडा पुढे केला. पारख्याने तीन बोटांच्या हातात अंगठी धरली, वाफ सोडली. धुकं आलं तसं गेलं. त्याने खडा उन्हात फिरवला. काचेवर रेघ ओढून पाहिली. असा स्वच्छ खडा त्याच्या हातात उभ्या आयुष्यात आला नव्हता.

"कुठल्या खाणीतला?" त्याने सहज विचारलं.

भट्टीवाल्याला खोटं बोलता आलं असतं. "डोंगरातला" एवढं म्हणाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"खाणीतला नाही, काका," तो म्हणाला. "माझ्या भट्टीतला. तीन वर्षं लागली. पण जमलं. आता कुणाच्या पोराला आत उतरायला नको."

जाणते पुढे वाकून खड्याकडे बघायला लागले. मग डोळा गेलेला एक जाणता फिस्सकन हसला. "म्हणजे बांगडीच की! बोटात घालायची बांगडी!"

"अहो, चुलीवर शिजलेला हिरा," दुसरा म्हणाला. "पोळी भाजली असती तर निदान पोट भरलं असतं."

सगळे हसले. पारख्याने आपल्या हाताकडे बघितलं. जिथे दोन बोटं असायला हवी होती, तिथे काही नव्हतं. हा पोरगा सावलीत बसून, फुंकणीने भट्टी फुंकून, तेच घेऊन आला होता. तेही जास्त चांगलं. हा खडा खरा म्हणायचा, तर मग आपली बोटं कशासाठी गेली?

"खोटा," पारखी म्हणाला.

"आबा!" मुलगी दारातून पुढे आली. "धुकं उडालं. मी बघितलं. तुम्हीही बघितलंत."

"ज्या खड्यासाठी कुणी खाणीत उतरलं नाही, तो हिरा नव्हे. आम्ही सोसलंय, पोरी. फुकटात मिळतं ते खरं नसतं."

"मला हिराच नको. नुसतं तांब्याचं वेढं चालेल. शिंगाचं चालेल. दोरा बांधा बोटाला."

"तुला चालेल. माझ्या घराला चालायचं नाही."

पाचही जाणत्यांनी माना हलवल्या. माना हलवायला त्यांना कधीच कष्ट पडत नसत.

मुलगी बापाकडे बघून म्हणाली, "कुणीतरी उतरलंच पाहिजे ना? बरं."

दुसऱ्या दिवशी भट्टीवाला खाणीवर गेला, आणि ती त्याच्या मागोमाग. मुकादमाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"खांदे बघ तुझे. कुठे घुसणार तू?"

"पूर्वी उतरायचीच की माणसं."

"पूर्वी! रुंद भुयारं म्हाताऱ्यांनीच खाऊन संपवली. आता उरलीत ती उंदराची बिळं. बारीक अंगाचं कुणी असेल तर बोल."

भट्टीवाला मागे वळायच्या आत मुलीने पदर कमरेला खोचला होता.

"नको," तो म्हणाला. "आपण हे गाव सोडून जाऊ."

"माझ्या बापाने खऱ्याला खोटं म्हटलं. आपण निघून गेलो तर ते तसंच राहील. पुढच्या सगळ्या पोरांसाठी राहील." तिने दोराचं टोक त्याच्या हातात दिलं. "घट्ट धर. भाजलेल्या हातांना जमेल ना?"

पारख्याला हे त्याच संध्याकाळी कळलं. त्याची बहीण धापा टाकत आली होती.

"जा, घेऊन ये तिला."

"उतरू दे. अक्कल येईल."

"अरे, एक शब्द तर बोलायचाय तुला! ओट्यावर उभं राहा आणि म्हण, खडा खरा होता. तुझी जीभ झिजणार आहे का?"

"चाळीस वर्षं माझा शब्द फिरला नाही, अक्का."

"माझा माणूस चाळीस वर्षांपूर्वीच गेला," ती म्हणाली. "तोही फिरला नाही."

पारखी गेला नाही. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी त्याने दोन भाकरी जास्त करायला सांगितल्या, ती आलीच तर म्हणून. चौथ्या दिवशी तो वेशीपर्यंत गेला. तिथे एक जाणता भेटला आणि म्हणाला, "पोरगी जिद्दीची हो, पारखीबुवा! रक्त तुमचंच." पारख्याला बरं वाटलं. तो घरी परत आला. त्या एका बऱ्या वाटण्यापायी तो परत आला, हे ध्यानात ठेवा. खाण त्याला ठाऊक होती ती त्याच्या तरुणपणातली, माणूस उभा राहील एवढी. ती खाण आता कुठेच नव्हती. पण आपल्या वेळची वाट आजही तशीच असेल, असं सांगणाऱ्यांना ती वाट परत चालून बघायची गरज कधी वाटत नाही.

सातव्या दिवशी दुपारी बीळ खचलं.

भट्टीवाल्याने दोर ओढला, हातांची साल निघाली तरी ओढला. मग नखांनी माती उपसली. मुलगी बाहेर आली तेव्हा जिवंत होती. छाती चेपली होती, आणि उजवी मूठ मिटलेली होती. ती कुणालाच उघडता आली नाही.

तिला घरी आणलं. गाव पुन्हा त्याच अंगणात जमलं. जाणतेही आले, आणि या खेपेला कुणी हसलं नाही. पारखी तिच्या उशाशी बसला. तेव्हा तिने आपणहून मूठ उघडली.

"आबा," ती म्हणाली, "सातव्या दिवसाचा आहे. पारखा."

तळहातावर वाटाण्याएवढा पांढरा खडा होता. पारख्याने तो उचलला. हातात घेताच त्याला कळलं. तरी त्याने तो ओठांजवळ नेला आणि वाफ सोडली.

धुकं धरलं. धुकं बसून राहिलं.

सगळे बघत होते. मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी मांडीवर बसून बघायची तशी.

"खरा," पारखी म्हणाला. "खरा आहे, बाळ. शंभर नंबरी." आणि अंगठ्याने तो खडा पुसायला लागला.

"पुसू नका," ती म्हणाली. "पुसलं की सगळेच खरे होतात."

"बोलू नकोस. दम लागतोय तुला."

"मला खालीच कळलं होतं, आबा. गारगोटी आहे. पण सातव्या दिवशी हीच सापडली. आणि मी उतरले होते ना? मग तुमच्या हिशेबाने हिराच झाला."

तिने मान वळवून भट्टीवाल्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. त्याने कमरेच्या पुरचुंडीतून ती तांब्याची अंगठी काढली आणि तिच्या बोटात घातली. बोट सुजलं होतं. अंगठी अर्ध्यावरच अडली. तिने ती तोंडाजवळ नेली आणि खड्यावर वाफ सोडली. तिच्यात वाफ फार उरली नव्हती. धुकं जेमतेम धरलं आणि उडून गेलं.

"खरा," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत ती गेली. अंगठी तिच्या बोटात राहू दिली, आणि ती तशीच चितेवर गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला पारखी गेला, तर तिथे पाचही जाणते त्याच्या आधीच पोचले होते. उकिडवे बसून चाळणीने राख चाळत होते. अस्थींना हात लावत नव्हते. तांब्याचा एक काळा गोळा त्यांनी बाजूला काढून ठेवला होता आणि त्याच्या आसपास पुन्हा पुन्हा चाळत होते.

भट्टीवाला पलीकडे उभा होता. "काय शोधताय?"

कुणी वर बघितलं नाही.

"चुलीवर शिजलेला होता ना तो? बांगडी होती ना? मग शोधताय काय, थेरड्यांनो?"

डोळा गेलेला जाणता पुटपुटला, "राहिलं तर गावाच्या कामी येईल." आणि चाळत राहिला. खडा काही त्यांना मिळाला नाही; कोळशातून आलेला तो चितेत कोळशासारखाच जळून गेला होता. भट्टीवाल्याने अस्थी गोळा केल्या, भट्टी होती तशी विझवली आणि तो गाव सोडून गेला. हिरा कसा करायचा हे त्याच्याबरोबरच गेलं.

त्यानंतर त्या गावात कुणी पारख्याकडे खडा घेऊन आलं नाही. ज्याने खऱ्याला खोटं म्हटलं आणि मग खोट्याला खरं म्हटलं, त्याच्या तोंडच्या वाफेला कोण विचारतो? जाणत्यांनी दुसरा पारखी नेमला. पोरं अजूनही खाणीत उतरतात, आता आणखी बारीक बिळांत. पारख्याची बहीण मात्र तेव्हापासून दर साखरपुड्याला मांडवाच्या दारात जाऊन उभी राहते आणि मोठ्याने विचारते, "याच्यासाठी कोण गेलं?" तिला वेडी म्हणून हाकलतात.

पारख्याने ती गारगोटी जपून ठेवली. तो तिच्यावर वाफ सोडतो आणि धुकं उडायची वाट बघत बसतो.

तात्पर्य: आपण सोसलं म्हणून दुसऱ्यानेही सोसलंच पाहिजे असं म्हणणारा माणूस खरं समोर दिसत असूनही त्याला खोटं ठरवतो, आणि त्याची किंमत त्याच्या पोरांना द्यावी लागते.

पारख्याला एकच मुलगी होती. ती गेली.