लाल फुली

“मग आता कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, तेवढं सांगा.”

प्रज्ञेश रामटेके पुन्हा तेच विचारत होता. समोर भन्ते विमलबोधी बसले होते.

प्रज्ञेश त्यांचा जुना शिष्य. लहानपणी याच विहारात पाली शिकला, पुढे नागपूरला जाऊन चित्रांच्या कामात नाव काढलं. साप चावल्यावर काय करावं याचं पत्रक भन्तेंनी त्याच्याकडूनच करून घेतलं होतं. तीच चित्रं विहाराच्या वेबसाइटवर होती, आणि छापून जंगलाकाठच्या गावांतही वाटली होती. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठीच ती होती.

पत्रकात दोन आकृत्या होत्या. पहिलीत साप चावलेला पाय दोरीनं करकचून आवळलेला, आणि त्यावर लाल फुली. म्हणजे असं करू नका. दुसरीत माणसाला न हलवता, बाजेवर घालून दवाखान्यात नेताहेत.

स्क्रीनवर फुली ठळक दिसत होती. छपाईत ती गेली. तिचा पारदर्शक रंग मशीननं उचललाच नाही.

रोवणीच्या दिवसांत बोरटोल्याच्या देवाजी कुमरेला धानाच्या बांधीत साप चावला. घरच्यांनी भिंतीवर लावलेलं पत्रक पाहिलं. पहिल्या चित्रात होतं तसं केलं, पाय करकचून बांधला. मग दुसऱ्या चित्रात होतं तसं केलं, बाजेवर घालून नेलं.

देवाजी वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

हे कळल्यापासून प्रज्ञेश धुमसत होता. आल्या आल्या त्यानं लॅपटॉप उघडला आणि भन्तेंना एकेक दाखवत सुटला. हे सॉफ्टवेअर वेबसाठी उत्तम, पण छपाईत दगा देतं. ते दुसरं छपाईला पक्कं, पण मोबाइलवर त्याच्या रेघा फाटतात. फुकट मिळतं त्यात मराठी जोडाक्षरं तुटतात. आणि छापखान्यानं आधी नमुना दाखवायला नको होता का? आपण मागितला होता. कुणी दाद दिली नाही. असल्या लोकांना काम द्यायचंच कशाला?

भन्ते ऐकत राहिले. मग म्हणाले,

“पाय छापखान्याचा गेला का?”

आवाज चढलेला नव्हता. पण त्यांचा असा स्वर प्रज्ञेशनं कधी ऐकला नव्हता.

...

त्याचे कान तापले. म्हणजे पाय मीच कापला, असं म्हणायचंय का तुम्हाला, असं त्यानं विचारलं. पत्रकं गावोगाव वाटली कुणी? वाटण्याआधी एकदा तरी उघडून बघितलं का?

“नाही बघितलं,” भन्ते म्हणाले.

प्रज्ञेशनं लॅपटॉप झटक्यात मिटला. तरी राग उतरत नव्हता.

“फुली मी काढली होती, भन्ते. मी काढली होती.”

भन्ते उठले. चुलीतला विझलेला कोळसा आणून त्यांनी त्याच्या हातात दिला, आणि फरशीकडे बोट दाखवलं.

प्रज्ञेश रागारागानं खाली बसला. कोळशानं पाय रेखाटला. दोरी काढली, तिची गाठसुद्धा काढली. मग फुलीसाठी हात उचलला...

भन्तेंनी त्याचं मनगट धरलं.

त्यानं हिसका दिला. म्हातारी बोटं सुटली नाहीत. सोडा म्हणाला, तरी सुटली नाहीत. दोघांच्या मध्ये फरशीवर फक्त पाय होता, आणि त्याला आवळलेली दोरी.

...

“हेच बघितलं त्यांनी,” भन्ते म्हणाले.

प्रज्ञेशचा हात सैल पडला. तेव्हा कुठे भन्तेंनी तो सोडला.

तो त्या चित्रावर वाकला. मग त्यानं आपल्याच तळव्यानं ते पुसलं, घासून घासून पुसलं. फरशी काळी झाली. शेजारच्या कोऱ्या जागेवर त्यानं पुन्हा काढायला घेतलं. निजवलेला माणूस. पायाला आधाराची काठी, सैल कापडानं लावलेली. बाज, आणि ती उचलणारे चौघे. जे करायचं नाही, ते त्यानं कुठेच काढलं नाही.

काढून झाल्यावर त्यानं कोळसा खाली ठेवला. डोळे लाल झाले होते, रागानं की कशानं ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं हलक्या आवाजात विचारलं,

“हे पक्कं कशात काढू?”

...

“कशातही काढ. देवाजीच्या अंगणात बसून काढ.”