सांबराच्या हाडातली आई

एका डोंगराळ रानात एक दमदार सांबर हिंडत असे, आणि त्याच्या मांडीच्या हाडात, मऊ मज्जेत, एक आई राहत असे. हसू नका मुलांनो, ही आई म्हणजे एक इवलीशी मूळपेशी. सांबराच्या अंगातले सगळे रक्त तिच्याच लेकरांचे. लेकरू जन्माला येई तेव्हा ते अगदी कोरे असे. मग अंगाच्या कानाकोपऱ्यातून निरोप येत आणि त्याप्रमाणे ती त्याला घडवी. कोणी तांबडी पेशी होऊन छातीतला श्वास पायांपर्यंत वाहून नेई, कोणी पांढरी होऊन रोगाशी झुंजे, तर कोणी रक्तपट्टिका होऊन जखमेचे तोंड बुजवी. मात्र एकदा पेशी घडली ती घडली, तिला मागे फिरता येत नसे.

एकदा रानडुकराच्या सुळ्याने सांबराची मांडी फाटली. जखम चिघळली, ताप चढला. पांढऱ्या पेशी कळवळून म्हणाल्या, "आई, आम्ही कमी पडतोय. आणखी बहिणी धाड!" आईच ती, तिला कसे राहवणार? तिने होते नव्हते ते प्रत्येक लेकरू पांढरे घडवले, आणि खरोखर ताप उतरला.

इथेच तिने थांबायला हवे होते. पण दुधाने तोंड पोळलेली ती, आता ताकही फुंकून पिऊ लागली. महिने लोटले तरी पांढऱ्यांचीच भरती चालू. रक्तात श्वास किती उरला यावर नजर ठेवणाऱ्या मूत्रपिंडाने निरोप धाडला, "आई, तांबड्या म्हाताऱ्या होऊन संपत चालल्यात. श्वास पुरत नाही गं." ती म्हणाली, "थांब जरा, आधी माझं घर राखू दे." दुसरा निरोप आला, तिसराही आला. तिसरा तर तिने ऐकूनही घेतला नाही. इकडे सांबर चढावर थांबू लागले आणि कळप पुढे निघून जाऊ लागला.

मग एका सकाळी रानकुत्री आली. सांबर उधळले, पण दहा झेपांतच त्याचे पाय लटपटले. "आई, श्वास!" पाय ओरडले. आईने घाईघाईने तांबडी लेकरे घडवायला घेतली. पण तहान लागल्यावर विहीर खणून काय होणार? तांबडी पेशी तयार व्हायला आठवडा लागतो, आणि कुत्री तर चार ढांगांवर आली होती.

पांढऱ्या पेशी तिच्याभोवती गोळा झाल्या. "आई, आम्ही नेऊ का श्वास? आम्ही पुष्कळ आहोत."

"नाही गं बाळांनो," ती रडत म्हणाली, "तुमचा काही दोष नाही. मीच तुम्हाला तसं घडवलं नाही."

सांबराने गुडघे टेकले.

तात्पर्य : एका संकटाच्या धास्तीने घरातल्या सगळ्यांच्याच हाती तलवार देऊ नये, लढणाऱ्यालाही कोणीतरी श्वास आणून द्यावा लागतो.