डावीकडच्या तीन रिकिबी

सरदार माणकोजीरावांच्या डोक्यात एकदा आलं की मानकऱ्याच्या पागेत हरभरा शोभत नाही. झालं, शिंगरांना नुसता गहू सुरू झाला. महिन्याभरात त्यांची पोटं सुटली, पण अंग काही भरेना. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार हैबती सांगून सांगून थकला, "सरकार, वाढत्या अंगाला लागणारं एक सत्त्व गव्हात फार थोडं असतं. ते हरभऱ्यात आहे." सरदारांचं दर वेळी एकच उत्तर, "मग गहू वाढव."

दसऱ्याच्या मिरवणुकीला सरदार घोड्यावर बसले. डावा पाय रिकिबीत गेला, उजवा मात्र हवेत चाचपडत राहिला. सगळं गाव बघत होतं.

"उजवी रिकीब कुठाय?"

"सापडेना, सरकार. म्हणून डावीकडं दोन जास्तीच्या लावल्या."

"अरे मूर्खा, डावीकडं दहा लावल्यास तरी उजव्या पायाला त्याचा काय उपयोग?"

हैबतीनं कपाळाला हात लावला. "महिनाभर गव्हाबद्दल मी दुसरं काय सांगतोय?"

सरदारांनी लोंबकळणाऱ्या उजव्या पायाकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हरभरा भिजत घाला."

तेव्हा कुठं हैबतीच्या शेल्यातून उजवी रिकीब निघाली.