बस्त्यावचे उघडे फाटक

समुद्राकाठच्या एका गावात बस्त्याव नावाचा बागाईतदार राहत होता. त्याच्या पानमळ्याचे सगळीकडे नाव होते. विड्याच्या पानाची वेल त्याच्या हाताला लागली की मऊ, रुंद पाने देई. माणूस कष्टाळू आणि देवभीरू. फक्त बोलायला लागला की तोडून बोलायचा, आणि एकदा बोललेला शब्द मागे घेणे त्याला कमीपणाचे वाटायचे.

त्याला एकुलती एक लेक होती, नातालीन. तिने मिठागरापलीकडच्या कोळीवाड्यातल्या एका होडीवाल्याशी लग्न ठरवले. मुलगा कामसू होता, धर्माने त्यांच्यातलाच होता. पण मळेवाल्याच्या लेकीने दारात मासे वाळवत बसावे, हे बस्त्यावला सोसवेना. भर अंगणात तो म्हणाला, "जातेस तर जा. पण या फाटकातून पुन्हा आत येऊ नकोस."

नातालीन गेली. लग्नाला बस्त्याव गेला नाही.

महिनाभरात त्याचा राग उतरला आणि मागे उरली ती नुसती आठवण. ती त्याला फार छळत असे. मळ्यात पाने पुसताना नातालीन चर्चमधली गाणी गुणगुणायची, तो आवाज नसला की त्याला काम सुचत नसे. चर्चमध्ये त्याची नजर बायकांच्या बाकांकडे जाई आणि तशीच परत येई. संध्याकाळी कुत्रे भुंकले तरी तो ओट्यावरून उठून उभा राही.

राग उतरल्यापासून त्याने फाटक लावणे सोडून दिले. रात्रंदिवस ते सताड उघडे असे. शेजाऱ्यांच्या बकऱ्या आत शिरून भाजी खाऊन गेल्या, तरी त्याने ते लावले नाही. रोज सकाळी तो चर्चमध्ये गुडघे टेकून एकच मागणे मागे, "देवा, माझ्या लेकीला परत आण." फादरांनासुद्धा त्याची प्रार्थना पाठ झाली होती. गाव म्हणे, बाप असावा तर असा! बस्त्यावला ते ऐकून बरे वाटे, खोटे कशाला सांगू?

अशी तीन वर्षे गेली. नातालीन काही आली नाही.

चौथ्या वर्षी उपवासकाळ सुरू झाला. राखेच्या बुधवारी फादरांनी सर्वांच्या कपाळावर राख लावली. दुसऱ्या दिवशी बस्त्यावने नेहमीप्रमाणे वेली उतरवायला घेतल्या. पानवेल आधाराच्या झाडावर उंच गेली की तिची पाने लहान होत जातात. मग ती सोडवून खाली घ्यायची, बुंध्याशी तिचे वेटोळे करून मातीत पुरायचे आणि फक्त शेंडा वर ठेवायचा. पुरलेल्या पेरांना नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा रुंद पाने देऊ लागते.

त्याची बायको कातरीन हाताखाली होती. ती एक वेल वरून ओढायला लागली, तसा बस्त्याव ओरडला, "अगं, ओढू नकोस! मोडेल ती. आपण आधी मातीत बसायचं, मग हळूहळू खाली घ्यायची. उभ्या माणसाच्या हातून वेल उतरत नाही."

कातरीन तीन वर्षे गप्प होती. त्या दिवशी मात्र तिला राहवले नाही.

"एवढं कळतं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "मग लेकीला उभ्याउभ्या का हाका मारताय?"

"मी काय करायचं ठेवलंय? फाटक उघडं आहे. रोज प्रार्थना करतोय."

"देवाला सांगताय, तिला आण म्हणून. तिला काय सांगितलंत?"

बस्त्यावने हातातली वेल हलकेच मातीवर ठेवली. मग तो उठला आणि मातीने भरलेल्या हातांनी तसाच फाटकाबाहेर पडला.

वाट मिठागराच्या बांधावरून जात होती. मिठागरातली माणसे त्याच्याकडे बघत होती. लोक काय म्हणतील या विचाराने तो दोनदा थांबला, एकदा तर मागे वळला. मनात त्याने वाक्य जुळवले होते, 'झालं गेलं विसरलो, चल घरी.' चालता चालता त्याच्या ध्यानात आले की या वाक्यात चूक नातालीनच्याच गळ्यात पडते. त्याने ते वाक्य टाकून दिले. दुसरे काही सापडायच्या आत कोळीवाडा आला.

नातालीन दारात सुकटीवर ऊन येईल अशी चटई सरकवत होती. बापाला पाहून तिचे हात थांबले.

बस्त्याव म्हणाला, "माझं चुकलं, पोरी. त्या दिवशी बोललो ते मागे घ्यायला आलोय."

तिने चटई खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, मी चारदा आले होते."

"कुठं?"

"फाटकापर्यंत."

"अगं, उघडं होतं की ते!"

"फाटक उघडं होतं. पण येऊ नकोस म्हणून तुम्हीच सांगितलं होतं. ते मागे कुणी घेतलं होतं?"

बस्त्याव तिथेच उंबऱ्यावर बसला. त्याला रडू आवरेना.

"मग तू काय केलंस?" त्याने विचारले.

"रोज प्रार्थना केली. देवा, बाबांना एकदा माझ्या दारी आण."

दुपार झाली होती. जावई होडीवरून परतला आणि सासऱ्याला पाहून त्याने मुकाट्याने हात धुवायला पाणी आणून दिले. भाकरी आणि कालवण वाढले गेले. घरात वडीलधारा माणूस असला की जेवणाआधीची प्रार्थना त्याने म्हणायची, अशी त्यांच्यातली रीत. नातालीन म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणा."

बस्त्यावने हात जोडले, डोळे मिटले. तीन वर्षे पाठ असलेले मागणे आता उरले नव्हते आणि दुसरे सुचत नव्हते. सगळे थांबून राहिले. शेवटी तो एवढेच म्हणाला, "देवा, मी आलो."

तात्पर्य: दुरावलेले माणूस परत यावे म्हणून देवाला विनवणाऱ्याने आधी आपला कठोर शब्द मागे घ्यावा आणि स्वतः त्याच्या दाराकडे चालू लागावे.