दोन लोलकांची घंटा

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, बुधवार. दुपारपर्यंत दाट धुके, वारा अजिबात नाही. ही द्वादशी किती वर्षांपूर्वीची, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. ज्या डोंगरी राज्यात ती उजाडली, ते राज्यही उरलेले नाही. पण तिथल्या एका ओतारणीने त्या दिवशी जे केले, ते लहानथोरांनी ऐकण्यासारखे आहे.

ओतारीण म्हणजे काशाच्या घंटा ओतणारी बाई. नवरा गेला तरी तिने भट्टी विझू दिली नव्हती. तिच्या घंटा गुरांच्या गळ्यात असत आणि धुक्यात गुराखी त्या आवाजावरच आपली गुरे शोधत. पण एक गोष्ट तिला सलत होती. गाय निवांत चरत असो की वाघाला भिऊन पळत असो, घंटा एकसारखीच वाजे. गुराख्याला कळेपर्यंत उशीर झालेला असे.

तीन वर्षे ती या एकाच गोष्टीच्या मागे होती. अखेर तिने एका घंटेत दोन लोलक बसवले. लाकडाचा हलका लोलक गाय चालताना टकटक वाजे. काशाचा लोलक आखूड आणि ताठ दोरीला टांगलेला होता. गाय उधळली तरच तो घंटेच्या कडेला लागे. चामड्याची दोरी दमट हवेत सैल पडून लोंबते आणि लोलक कडेच्या खाली उतरून वाजतच नाही, हे ओळखून तिने बैलाच्या शेपटीचे केस पिळून, मेणात बुडवून दोरी केली. आणि परीक्षेसाठी मुद्दाम धुक्याचा दिवस निवडला.

तीन गुराखी पठारावर उभे राहिले. खाली घंटा बांधलेली गाय सोडली होती, पण धुक्यात काही दिसत नव्हते. आधी टकटक ऐकू आली, मग एकाएकी खणखणाट.

"पळाली, पळाली!" थोरला गुराखी ओरडला. "मावशी, ही घंटा कसली, ही तर गायच बोलतेय!"

त्या राज्यात एक सोय होती. कोणी नवी वस्तू घडवली, तर तिचा पहिला नग मडक्यात घालून, तोंड मातीने लिंपून चावडीच्या कोनाड्यात ठेवता येई. फार थोडे लोक ते करत. चावडीवरच्या म्हाताऱ्या कारकुनाने आग्रह केला म्हणून ओतारणीने आपली घंटा तिथे ठेवली. म्हाताऱ्याने तिथी लिहिली, तिघा साक्षीदारांची नावे लिहिली, हवा कशी होती तेही लिहिले.

"काका, धुक्याचीसुद्धा नोंद?" गुराखी हसू लागले.

"माणूस तिथी विसरतो रे. धुक्यात कुठे उभा होता ते विसरत नाही." मग तो ओतारणीकडे वळला. "आता प्रत्येक घंटेवर तुझी खूण कर."

ओतारणीने जीभ चावली. त्या खोऱ्यात ओतारी घंटा घासून गुळगुळीत करून देत, आणि गुराखी वरून आपल्या कळपाची खूण कोरून घेत. "काका, घंटा त्यांची. तिच्यावर मी खूण करायची म्हणजे दुसऱ्याच्या गाईला आपली म्हणण्यासारखं झालं."

"मग आतून कर."

"आतलं कोण बघतंय?" असे म्हणून ती घरी गेली. एवढी हुशार बाई, पण इथे चुकली.

दोन वर्षे घंटा खपल्या. पेठेतल्या एका बड्या व्यापाऱ्याने त्यातली एक विकत घेतली, कारखान्यात तशाच ओतून घेतल्या आणि 'डोंगरातल्या मावशीची घंटा' असे ओरडून विकल्या. ओतारणीच्या कानावर ते आले. आपले नाव पेठेत गेले म्हणून तिला बरेच वाटले.

मग पौषातले धुके उतरले. एका सकाळी थोरला गुराखी दारात आला. हातात घंटा होती.

"माझी तांबू गेली, मावशी. वाघ आला, कळप उधळला आणि ही गप्प! मी हाकेच्या अंतरावर होतो गं."

ओतारणीने घंटा उलटी केली. आत चामड्याची दोरी लोंबत होती. "ही माझी नाही."

"तुझ्या नावानं घेतली. तुझी नाही हे मी कशावरून ओळखू? गुळगुळीत तर तुझ्या घंटांसारखीच आहे."

त्या धुक्यात आणखी तीन गाई अशाच गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत सात जणांनी तिच्या ओट्यावर घंटा आणून टाकल्या. त्यांतल्या पाच तिच्या स्वतःच्या होत्या, चांगल्या वाजणाऱ्या. तरीही लोकांना त्या नको होत्या. भट्टी कायमची थंड व्हायला आता फार दिवस उरले नव्हते.

ओतारीण रडत बसली नाही. तिने चावडी गाठली. राजाचा न्यायाधीश आला, व्यापाऱ्यालाही बोलावणे गेले.

"युक्ती माझी," व्यापारी म्हणाला. "न वाजलेल्या घंटा तेवढ्या या बाईच्या."

न्यायाधीशाने नोंद वाचली. "दुपारपर्यंत दाट धुके..."

"होय, सरकार," तिन्ही गुराखी एकदम बोलले. "आम्ही पठारावर होतो. स्वतःचे पाय दिसत नव्हते."

मडके फोडले. घंटा बाहेर आली. न्यायाधीशाने ती व्यापाऱ्यापुढे धरली. "युक्ती तुमची ना? मग सांगा, ही दोरी केसांचीच का केली?"

व्यापाऱ्याने घंटेत डोकावून पाहिले. "स्वस्त पडते म्हणून."

चावडी हसली. ओतारणीने मडक्यातली आणि तांबूच्या गळ्यातली, अशा दोन्ही घंटा पाण्यात बुडवून ठेवल्या, घटकाभराने काढून जोरात हलवल्या. मडक्यातली खणखणली. दुसरीतून नुसती टकटक आली.

थोरल्या गुराख्याने मान खाली घातली. "चुकलो, मावशी."

"तू कुठे चुकलास, बाबा? आत माझी एक खूण असती, तर घेतानाच तुझ्या बोटाला कळलं असतं. तांबू वाचली असती."

म्हाताऱ्या कारकुनाने त्याच दिवशी नोंद केली, ती अशी: पौष वद्य तृतीया, गुरुवार. सकाळी धुके, नंतर ऊन. न्यायाधीशांच्या हुकुमाने व्यापाऱ्याच्या एकशे बारा घंटा वितळवल्या. मेलेल्या चार गाईंच्या बदल्यात त्याने चार दुभत्या गाई दिल्या. दोन लोलकांची घंटा ओतण्याचा हक्क बारा वर्षे ओतारणीचा. इतरांनी ओतायची ती तिला विचारून. आजपासून तिच्या प्रत्येक घंटेच्या आत, धुक्यातही बोटाला लागतील असे तीन ठिपके.

आणि नोंदीखाली त्याने एक ओळ लिहिली: आपण घडवलेल्या वस्तूवर आपली खूण आणि चावडीत तिची नोंद वेळीच करावी; त्याने आपले कष्ट राखले जातात आणि आपल्यावर विश्वास टाकणारेही.