फुली तिथे सही

नगरपालिकेचे मुख्याधिकारी घोरपडेसाहेब संगणक उघडायचे, की पडदाभर टक्कल घालवायच्या जाहिराती नाचायच्या.

"हे तुमचंच काम!" ते ऑपरेटर सुमनबाईंवर गरजले. "मी न वाचता कशालाच 'हो' म्हणत नाही. कबुलीजबाब लिहून आणा, नाहीतर घरी बसा."

बाईंनी नको ते प्रोग्राम काढले, ब्राउझर पूर्ववत केला. मग फायलींच्या गठ्ठ्यात एक कागद सरकवून सहीच्या जागी नेहमीसारखी पेन्सिलीची फुली मारली. साहेबांनी फोनवर बोलता बोलता भराभर सह्या ठोकल्या आणि विचारलं, "कबुलीजबाब कुठाय?"

बाईंनी तोच कागद काढून वाचला. "संगणकावर जे जे आलं, त्याला मीच न वाचता 'हो' म्हटलं."

"शाब्बास! सही केलीय ना खाली?"

"केलीत ना साहेब, आत्ताच. फुली बघून."