पाणाड्या आणि तीनशे पुरुष खोल खडक

फार पूर्वी, जमिनीच्या पोटात पाण्याखेरीज काही शोधायचं असतं हे कुणाच्या मनातही येत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. एका काळ्या माळावर एक गाव होतं आणि त्या गावात एक पाणाड्या राहत होता. उंबराची बेचकी हातात धरून तो अनवाणी रानातून चालायचा आणि बेचकी झुकेल तिथं टाच रोवून म्हणायचा, "इथं खणा. सहा पुरुष." सहा म्हणाला की सहाच. एकावर एक सहा माणसं उभी राहतील एवढ्या खोलीवर पाणी लागायचंच. गावातली एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर त्यानंच दाखवली होती, तीही मिसरूड फुटायच्या वयात.

तेव्हापासून गावानं एक रीत पाडली. पाण्याची गोष्ट निघाली की चावडीवर ज्याला जे बोलायचं ते त्यानं बोलावं, हवं तर भांडावं. पण पाणाड्यानं भुईला तळहात लावून शब्द दिला की विषय मिटला. त्यावर पुन्हा तोंड उघडणं म्हणजे साऱ्या गावाचा अपमान. रीत मोठी सोयीची होती. डोकं एकानं चालवायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची.

पाणाड्याला त्याच्या बापानं एक शिकवण दिली होती. 'पाणी आहे' म्हण, 'पाणी नाही' म्हण, पण 'ठाऊक नाही' असं कधी म्हणू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. साठी उलटली तरी ते शब्द पाणाड्याच्या तोंडून कधी निघाले नव्हते.

एका हिवाळ्यात परमुलखातले काही कारागीर गाड्यांवर लोखंडी नळ लादून गावात आले. त्यांनी सांगितलं की माळाखाली तीनशे पुरुष खोल खडकात एक जळता वारा कोंडून राहिला आहे. पाणी, वाळू आणि कसलंसं औषध नळातून जोरानं खाली दाबलं की खडकाला भेगा पडतात आणि वारा वर येतो. तो चुलीपर्यंत आणला की लाकडावाचून स्वयंपाक.

ही काही लहान गोष्ट नव्हती. गावातल्या बायका सरपणासाठी रोज दोन कोस डोंगर चढत होत्या. पाणाड्याच्या लेकीची मान मोळी वाहून वाहून एका बाजूला कलली होती. बापाला ते दिसायचं आणि टोचायचं.

चावडीवर तीन दिवस वाद चालला. पाटील म्हणाले, दारी आलेली लक्ष्मी परतवून लावू नये. धनगर म्हणाला, मग तुमच्या दारी फोडा, माझ्या कुरणात नको. एक म्हातारी धरणीमाईच्या नावानं रडली, तर तिच्याच सुनेनं तिला विचारलं, मोळी तुम्ही आणता का? सगळे आपापल्या परीनं खरंच बोलत होते, आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

मग कुंभारीण उठली. नवऱ्यामागं चाक तीच फिरवत होती, आणि माती भिजवायला तिला त्याच विहिरीचं पाणी लागत होतं. तिनं कारागिरांना दोनच गोष्टी विचारल्या. औषध कशाचं आहे? आणि खाली पडलेली भेग वर आपल्या विहिरीपर्यंत येणार नाही कशावरून? औषधाबद्दल त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. तो आमच्या धंद्यातला भाग, म्हणाले. भेगेबद्दल म्हणाले, मध्ये जाड अखंड खडक आहे. तो तुम्ही पाहिलाय का, असं तिनं विचारल्यावर ते हसले. तेव्हा ती गावाला म्हणाली की आधी डोंगरापलीकडच्या ओसाड माळावर एक नळ घालू द्या, दोन पावसाळे पाहू, मग ठरवू. अर्ध्या गावानं माना डोलावल्या.

पाटलांनी पाणाड्याकडे पाहिलं. "बाबा, पाण्याची गोष्ट आहे. मधला खडक अखंड आहे का, तेवढं तुम्ही सांगा."

पाणाड्यानं जन्मात दहा पुरुषांच्या खाली काही पाहिलं नव्हतं. तीनशे पुरुष खोल काय आहे, हे त्याला चावडीतल्या मांजराइतकंच ठाऊक होतं. त्यानं भुईला तळहात लावला, डोळे मिटले. हाताला काहीच लागलं नाही, फक्त स्वतःची नाडी उडत होती. डोळे उघडले तर सारं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्या नजरांत इतका भरवसा होता की त्याची त्याला भीती वाटली.

"खडक अखंड आहे," तो म्हणाला.

विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी कुंभारीण त्याच्या अंगणात आली. खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, रागावू नका. तुम्हाला खरंच कळलं का?"

अजून वेळ गेली नव्हती. नळ गाड्यांवरच होते. पण पाणाड्याच्या मनात आलं, हिला खरं सांगितलं तर उद्या माझ्या बेचकीवर कोण विश्वास ठेवील? "माझ्या शब्दावर शंका घेतेस, पोरी?" तो म्हणाला. ती खाली मान घालून निघून गेली.

दोन वर्षं गावानं सुख भोगलं, हे कबूल केलं पाहिजे. चुली लाकडावाचून पेटल्या आणि लेकीच्या डोक्यावरची मोळी उतरली. पाणाड्याला गावानं शालजोडी दिली. तिसऱ्या वर्षी अधूनमधून फडताळातली भांडी आपोआप वाजू लागली. मग विहिरीच्या पाण्यावर बुडबुडे आले, कुजका वास आला. आणि एका सकाळी एक बाळंतीण रीतीप्रमाणे विहीर पुजायला गेली, तिनं पायरीवर दिवा ठेवला, तर पाण्यावरून निळी आग सरसरत गेली. तिचा पदर जळाला. ती वाचली ते दैव.

सारं गाव कारागिरांकडे धावलं. पाणाड्या सर्वांच्या पुढं होता. कारागीर शांतपणे म्हणाले, "आम्हाला का विचारता? खडक अखंड आहे म्हणून तुमच्याच माणसानं भर चावडीत सांगितलं. आम्ही त्याच्याच शब्दावर काम केलं." आणि त्यांनी कानांवर हात ठेवले. खोटं काय होतं त्यात? पाणाड्याचा शब्द गावाच्या राखणीसाठी होता, तो त्या दिवशी त्यांची ढाल झाला.

सरपणाचे दोन कोस वाचले होते. आता त्याच बायका पाण्यासाठी चार कोस चालू लागल्या. पाणाड्यानं बेचकी घेऊन सारा माळ पालथा घातला. जिथं पाणी लागलं तिथं तोच वास होता.

कुंभारणीच्या मडक्यांनाही तोच वास लागला, त्यांतलं पाणी कुणी पिईना. एक दिवस तिनं चाक गाढवावर लादलं. पाणाड्या वेशीपर्यंत तिच्या मागं गेला. मग म्हणाला, "पोरी, मला ठाऊक नव्हतं."

ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "मला ते त्याच दिवशी कळलं होतं, बाबा," ती म्हणाली. "पण गावाला माझ्याकडून ऐकायचं नव्हतं, तुमच्याकडून ऐकायचं होतं. एवढंच बोलला असता, तर आम्ही थांबलो असतो."

तिनं गाढवाला हाक दिली आणि ती वाटेला लागली. पाणाड्या वेशीतच उभा राहिला. परत जायला घर होतं, पण प्यायला पाणी नव्हतं.

तात्पर्य काढायचं ते एवढंच: ज्याच्या शब्दावर गाव विसंबतं, त्यानं 'ठाऊक नाही' म्हणायला लाजू नये, आणि गावानंही कुणाचा शब्द इतका शेवटचा मानू नये, की त्यानंतर विचारणाऱ्याला गप्प बसावं लागेल.